घरी बाळंत व्हायचं म्हणते तर आई रडते, काय करू?

पत्र जरा लांब होतं, कापून देतेय:

"ताई, मी नेदरलँड्सला, आइंडहोवनमध्ये राहते, वय ३३, ३१ वा आठवडा चालू आहे, दुसरं बाळ. पहिली मुलगी ४ वर्षांची, ती पुण्यात झाली, नॉर्मलच झाली, पण टाके बरेच पडले आणि लेबर रूममध्ये जे ऐकून घ्यावं लागलं ते अजून डोक्यातून जात नाही. परवा चेकअपला मिडवाइफने चहा की कॉफी विचारावं तसं विचारलं, घरी की हॉस्पिटलमध्ये? मी म्हटलं, घरी चालेल? ती म्हणाली, तुला का नाही चालणार. तेव्हापासून तेच घोळतंय. नवरा म्हणतो सगळं जग हॉस्पिटलकडे चाललंय आणि तू उलटी. आई पुढच्या महिन्यात वाईहून येतेय, तिला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर रडायलाच लागली. माझ्या आजीची दोन बाळं घरीच गेली, एक सातव्या आणि एक आठव्या दिवशी, दूध ओढायची बंद झाली आणि काठीसारखी ताठ झाली म्हणे. मी वेडेपणा करतेय का? आणि करायचंच ठरलं तर तयारी काय करायची, खरंच कसं असतं ते? – एक गोंधळलेली"

अगं गोंधळलेले,

वेडेपणा नाहीये. पण तू प्रश्न जरा चुकीचा मांडतेयस असं मला वाटलं, घरी की हॉस्पिटल असा एकदाच काय तो निकाल लावायचा, आणि मग त्यावर नवऱ्याशी भांडायचं, आईला समजवायचं, असं काहीतरी. नेदरलँड्समध्ये घरी बाळंत होणं म्हणजे घरी सुरुवात करणं, एवढंच. शेवट कुठे होईल ते त्या रात्री तुझं शरीर, बाळाचे ठोके आणि ती मिडवाइफ, हे तिघं मिळून ठरवतात. हे ज्यांना मनापासून पटतं त्यांनी घरी करावं आणि ज्यांना 'काहीही झालं तरी घरीच' असं वाटतं त्यांनी अजिबात करू नये, हे माझं ठाम मत.

मी डॉक्टर नाही, मिडवाइफ नाही, फक्त या देशात दोन बाळंतपणं केलेली बाई आहे. पहिलं २०१३ मध्ये, उट्रेख्टला, तिसऱ्या मजल्यावर. सगळी तयारी केलेली, पलंग उंच केलेला, गाणी काढून ठेवलेली, आणि रात्री पाणी गेलं ते हिरवट. बाळाने आतच शी केली होती. मिडवाइफने पॅड बघितला, ठोके ऐकले आणि म्हणाली, आता आपण हॉस्पिटलला जाऊ या, घाई नाही पण निघायचं. तिसऱ्या मजल्यावरून ते उभे डच जिने मी दोन कळांच्या मध्ये मध्ये उतरले, नवरा पुढे, ती मागे. मुलगा हॉस्पिटलमध्ये झाला, छान झाला, आणि मी पुढचे चार-पाच महिने नापास झाल्यासारखा चेहरा करून फिरत होते, आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. दुसरी २०१६ मध्ये घरी झाली, चार तासांत.

आता आकडे सांगते, कारण नवऱ्याला आकडे लागतात (सगळ्यांच्या नवऱ्यांना लागतात). इंग्लंडमध्ये २०११ साली एक मोठा अभ्यास आला, ६४ हजारांहून जास्त कमी जोखमीच्या बायकांचा. त्यात घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्क्यांना मध्येच किंवा बाळंतपणानंतर लगेच हॉस्पिटलला हलवावं लागलं. ज्यांचं आधी एक तरी मूल झालं होतं त्यांच्यात हेच १२ टक्के. आणि पहिलटकरणींच्या बाळांना घरी गंभीर त्रास होण्याचं प्रमाण थोडं जास्त निघालं, हजारात साधारण ९, हॉस्पिटलमध्ये हजारात ५. दुसऱ्या-तिसऱ्या वेळच्या बायकांमध्ये असा फरक दिसला नाही. इथल्या डच अभ्यासातही, २००९ चा, सव्वापाच लाखांहून जास्त बाळंतपणांचा, कमी जोखमीच्या बायकांमध्ये घर आणि हॉस्पिटल यात बाळाच्या दृष्टीने फरक आढळला नव्हता. तुझं पहिलं नॉर्मल झालंय, म्हणजे तू बऱ्या बाजूच्या रांगेत आहेस. पण १२ टक्के म्हणजे आठातली एक, ती तू असू शकतेस, आणि हे वाक्य नवऱ्यालाही वाचून दाखव.

ती 'कमी जोखमीच्या' ही अट मात्र लोक सोडून देतात. मागचं सिझेरियन, जुळी, पायाळू बाळ, वाढलेलं बीपी, इन्सुलिनवर असलेली शुगर, मागच्या वेळी खूप रक्त गेलं असेल किंवा वार अडकली असेल तर हा विषयच बंद, बाळंतपण हॉस्पिटलमध्येच आणि तेच बरोबर आहे. पुण्याची डिस्चार्ज फाइल मिडवाइफला दाखवलीस का? टाके किती खोलवर गेले होते, रक्त किती गेलं, वार आपोआप आली का, हे तिला आईच्या आठवणीतून नको, कागदावर हवंय. इंग्लिशमध्येच असते फाइल, फोटो काढून मागवून घे. आणि हिमोग्लोबिन. इथल्या रिपोर्टवर ७ दिसलं की आपल्या बायका हादरतात, कारण आपल्याकडे ७ म्हणजे रक्त चढवायची वेळ. इथलं युनिट वेगळंय बाई, १.६१ ने गुण, इथले ७ म्हणजे आपल्याकडचे ११ च्या वर. पण खरंच कमी असेल तर आत्ताच लोहाच्या गोळ्या मनावर घे, कारण बाळंतपणात थोडंफार रक्त जातंच आणि ते कमी हिमोग्लोबिनवाल्या बाईला महाग पडतं. शेवटची अट आठवड्यांची, ३७ पूर्ण ते ४२, त्याच्या अलीकडे-पलीकडे घरी नाही.

इथे एक गोष्ट महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी. मागे असंच एक उत्तर लिहिलं तेव्हा नाशिकहून एकीचा मेल आला की मी पण घरीच करणार, व्हिडिओ बघून शिकतोय आम्ही दोघं. कृपा करून नको. तमिळनाडूत तिरुपूरला २०१८ मध्ये एका जोडप्याने असंच केलं, व्हिडिओ बघून, मित्रांच्या मदतीने, आणि ती बाई रक्तस्राव होऊन गेली. मी ज्याबद्दल लिहितेय त्यात भिंती महत्त्वाच्या नाहीयेत. चार वर्षं शिकून आलेली मिडवाइफ, तिच्या बॅगेतलं रक्तस्राव आटोक्यात ठेवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, बाळाला श्वास द्यायचा फुगा-मास्क, ऑक्सिजन, आणि तातडीचा फोन केला तर १५ मिनिटांत पोचायचा नियम असलेली अँब्युलन्स, हे सगळं त्या 'घरी' या शब्दात धरलेलं आहे. त्यातलं एक जरी काढलं तरी उरतं ते तुझ्या आजीचं घर. आपल्याकडेसुद्धा हे कुणाला कळत नव्हतं असं नाही हं, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून, हातात किट देऊन, घरी जन्मलेल्या बाळांची काळजी घ्यायला लावली तर त्या गावांमधले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणजे घर तेच, झोपडी तीच, फक्त शिकलेली बाई आली.

बरं, तयारी.

क्रामझोर्ख बुक केलंय का? ३१ वा आठवडा म्हणतेस, केलं नसशील तर हे वाचणं थांबव आणि फोन लाव. बाळंतपणानंतर घरी येणारी ही बाई तुला आठ-दहा दिवस रोज काही तास मिळते, विम्यातून, तासाला थोडे युरो आपण भरायचे. आणि घरी बाळंतपण असेल तर शेवटी शेवटी ती मिडवाइफच्या मदतीलाही येते. सध्या या बायका कमी पडतात म्हणून लोक तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच नाव नोंदवतात. विमा कंपनीकडून क्रामपाकेट मागव, काही कंपन्या फुकट देतात. खोका आला की मला तर बाळंतविडा आल्यासारखं वाटलं होतं, उघडला तर आत गाद्यांवर घालायचे शोषून घेणारे मोठे पॅड, कापूस, गॉज, अल्कोहोल, नाळेचा प्लॅस्टिकचा चिमटा. झबली-टोपडी शोधत बसले मी.

पलंग उंच करायचा. हे ऐकून सगळे हसतात पण इथे तो नियमच आहे, गादीचा वरचा भाग जमिनीपासून ७० ते ८० सेंटिमीटर हवा, कारण मिडवाइफ आणि क्रामझोर्खवाली वाकून वाकून कंबर मोडून घेणार नाहीत. पलंगाच्या पायाखाली ठेवायचे लाकडी ठोकळे मिळतात, क्लॉसन म्हणतात, आजारी माणसांचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानातून आण, बेडपॅनही तिथेच. ३७ वा आठवडा लागायच्या आत हे सगळं झालेलं पाहिजे, आणि हॉस्पिटलमध्ये बाळंत झालीस तरी घरी आल्यावर हा उंच पलंग लागतोच, त्यामुळे वाया काही जात नाही. चादरीखाली प्लॅस्टिक. आमच्याकडे आंब्याच्या पेटीवर घालायला आणलेली ताडपत्री होती, तीच घातली. एक बादली कचऱ्याची पिशवी लावून, वार आणि घाण टाकायला, एक दुसरी बादली उलटीला, आणि चांगला उजेड, म्हणजे टेबल लॅम्प किंवा हलवता येईल असा दिवा, कारण टाके घालायची वेळ आली तर मूडवाला पिवळा दिवा कामाचा नाही. दोन धातूच्या गरम पाण्याच्या बाटल्या, इथे क्राउक म्हणतात, बाळाचा पाळणा उबदार करायला. बाळाचे कपडे त्या बाटलीभोवती गुंडाळून ठेवायचे, जन्मल्यावर गरम टोपी घालताना काय वाटतं ते सांगता येत नाही.

जिना. तू लिहिलं नाहीस घर कुठल्या मजल्यावर आहे. ३६-३७ व्या आठवड्याला मिडवाइफ घर बघायला आली की तिला जिना दाखव आणि सरळ विचार, मला आडवी न्यायची झाली तर कशी नेणार? स्ट्रेचर वळत नसेल तर इथे अग्निशमनवाले शिडीची गाडी लावून खिडकीतून काढतात माणसाला, मी शेजारच्या आजोबांना तसं जाताना बघितलंय, गंमत वाटत नाही. आणि म्हणूनच हॉस्पिटलची बॅग भरलेली पाहिजे, मॅक्सी-कोझी (बाळाची कार सीट) दाराशी, गाडीत पेट्रोल, कारण बऱ्याच वेळा हलवायचं ते तातडीने नसतं, कळा पुढे सरकत नाहीत किंवा दुखणं सहन होत नाही म्हणून, आणि तेव्हा आपल्याच गाडीने जातात. घरी बाळंतपणाची तयारी नीट झालीये की नाही हे मी त्या दाराशी ठेवलेल्या बॅगेवरून ओळखते.

पैशाचं एका वाक्यात, वैद्यकीय कारण नसताना हॉस्पिटल निवडलंस तर काही रक्कम खिशातून जाते, घरून कारणासाठी हलवलं तर ती लागत नाही, पण अँब्युलन्सचं बिल तुमच्या वर्षाच्या आयखन रिसिकोत, म्हणजे विम्याआधी आपण भरायच्या हिश्श्यात, धरतात.

आता 'खरंच कसं असतं'. दुसऱ्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा संध्याकाळ होती आणि मी कुकर लावला होता. पहिला तास मी मानलंच नाही, खोट्या कळा असतील म्हणून पोळ्या लाटत बसले, पोळपाटावर दोन्ही हात टेकून थांबायचं, कळ गेली की पुढची पोळी. तू असं करू नकोस. दुसरं बाळ भराभर येतं, पहिल्यासारखं 'दर तीन-चार मिनिटांनी एक, तासभर' अशी वाट बघायची नसते, कळा नियमित झाल्या आणि बोलता बोलता थांबावं लागायला लागलं की फोन, पाच मिनिटांचं अंतर असलं तरी. पाणी हिरवं-तपकिरी गेलं, मासिक पाळीसारखं रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर कळांची वाट न बघता त्याच क्षणी फोन.

मिडवाइफ आली, जाकीट काढलं, ठोके ऐकले आणि मग चक्क कोपऱ्यात जमिनीवर बसून राहिली. मला राग आला होता की ही काहीच का करत नाहीये. नंतर कळलं की तेच तिचं काम, ती माझे आवाज ऐकत होती. मधूनमधून ठोके ऐकायची, एकदा म्हणाली खांदे सोड, बस. मी शॉवरखाली होते बराच वेळ, गरम पाणी कंबरेवर, आणि माझ्या तोंडून जे आवाज निघत होते ते माझे वाटतच नव्हते, खालच्या पट्टीतले, गायीसारखे. शेवटच्या टप्प्यात थंडी वाजल्यासारखे पाय थडथडायला लागले, उलटी झाली, आणि मी नवऱ्याची कॉलर धरून म्हटलं, बास, मला घरी जायचंय. तो बिचारा म्हणाला, अगं आपण घरीच आहोत. तेव्हा मिडवाइफला मराठी येत नसूनही ती हातमोजे घालायला लागली, तिला बरोबर कळलं की आता वेळ झाली.

दुखतं का? हो, खूप, खोटं कशाला सांगू. घरी एपिड्युरल (कळा कमी करायला पाठीत देतात ते भुलीचं इंजेक्शन) नाही, ते हॉस्पिटललाच. त्या रात्री मध्येच वाटलं की मला एपिड्युरल हवंय तर मागायचं, जायचं, आणि त्याची लाज ठेवायची नाही. घरी जे मिळतं ते गरम पाणी, हव्या त्या स्थितीत राहणं, आणि ओळखीचा अंधार. (पाण्याचा टब भाड्याने मिळतो, आम्ही आणला नाही, आमचा बॉयलर दोन अंघोळींतच थंड पडायचा.)

बाळाचं डोकं येतं तेव्हा मिरची लागल्यासारखी आग होते, तिथे ती म्हणेल, जोर लावू नकोस, फुंकर मार. ते ऐक. मागच्या टाक्यांची तुला भीती आहे ना, मग हे तिला आधीच सांगून ठेव, ती गरम फडकं दाबून धरते, हळूहळू येऊ देते. फाटणारच नाही असं नाही, मला दोन टाके पडले, पलंगाच्या कडेला, तिने डोक्याला दिवा लावून घातले. आणि हो, शी होते. सगळ्यांना होते. ती पुसते आणि पुढे चालू, कुणी नाव काढत नाही.

मग बाळ छातीवर, ओलं, गरम, वरून टॉवेल. मांडीत इंजेक्शन, वार यायला मदत म्हणून. वार आली की ती ताटलीत घेऊन पूर्ण आहे का बघते, तुकडा आत राहिला तर रक्तस्राव होतो, म्हणून हे ती फार मन लावून करते, तुला बघायची असेल तर दाखवते. रक्त जास्त जातंय, वार येत नाहीये असं झालं तर इथूनही हॉस्पिटल, बाळ झालं म्हणजे सुटलो असं नसतं, हे लक्षात ठेव. आमचं सगळं ठीक होतं. क्रामझोर्खवालीने टोस्टवर लोणी आणि वर ते गुलाबी साखरेचे दाणे लावून आणून दिले, मुलगी झाली की गुलाबी, मुलगा की निळे. तोंडात टाकल्यावर कळलं, आत बडीशेपेसारखा दाणा! म्हणजे आपल्याकडे बाळंतशेपा आणि यांच्याकडे हे, दुधासाठीच म्हणे दोन्ही.

मग दोन-अडीच तासांनी त्या गेल्या. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते, तो क्षण विचित्र असतो. दार बंद झालं, मध्यरात्र उलटून गेलेली, वॉशिंग मशीन फिरतंय, आणि आम्ही तिघं. हॉस्पिटलमध्ये बेल असते. इथे फक्त एक कागद, किती पॅड भिजले तर फोन करायचा, बाळाचा ताप किती आला तर करायचा. मी झोपलेच नाही, नुसती बघत बसले तिच्या श्वासाकडे, सकाळी आठला क्रामझोर्खवाली आली तेव्हा मी तिच्या गळ्यात पडले.

समजा मिडवाइफ पोचायच्या आतच बाळ आलं, दुसऱ्या वेळी होतं असं कधीकधी, तर नवऱ्याने ११२ ला फोन करून स्पीकरवर ठेवायचा, ते सांगत जातात. बाळ पुसून छातीवर, दोघांवर कोरडा टॉवेल, नाळ कापायची नाही, ओढायची तर मुळीच नाही. एवढं त्याच्याकडून पाठ करून घे.

एक बोलू का, पटलं नाही तर सोड. पत्रात पुण्याच्या लेबर रूमबद्दल तीन ओळी आहेत आणि घराबद्दल एकच. तुला घर हवंय की ती खोली नकोय? दोन्ही खरं असू शकतं. पण नुसती ती खोली चुकवायची म्हणून घर धरून बसलीस आणि त्या रात्री हलवायची वेळ आली तर तू अँब्युलन्समध्ये अर्धमेली होशील भीतीने. म्हणून हॉस्पिटलची प्रसूतीची खोली आत्ता जाऊन बघून ये, टूर असते बऱ्याच ठिकाणी. आणि बाळंतपणाचा कागद लिहितात ना इथे, त्यात घरचा भाग चार ओळीत उरक आणि हॉस्पिटलचा भाग सविस्तर लिही, की मागच्या वेळी माझ्यावर ओरडले होते, तपासायच्या आधी मला सांगा, कापायची वेळ आली तर मला विचारा. त्या कागदाची गरज तिथे आहे.

लेकीचं काय करायचं, ते तुझ्या लेकीवर आहे. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा, शेजारणीकडे झोपला होता आणि सकाळी येऊन त्याने बाळाकडे न बघता टोस्ट खाल्ला. चार वर्षांची मुलगी आईचा आवाज ऐकून घाबरू शकते, तर तिच्यासाठी एक माणूस वेगळं ठेव, ज्याचं दुसरं काही काम नाही. ते माणूस आई नको.

आणि नाव! तीन दिवसांत खेमेंटमध्ये (नगरपालिकेत) जाऊन नोंद करावी लागते, नवऱ्याने, नावासकट. बारसं बाराव्या दिवशी, आत्या कानात नाव सांगणार तोवर इकडे सरकारदरबारी लागून गेलेलं असतं. आत्याला आधीच कल्पना देऊन ठेव, आमच्याकडे यावरून जे झालं ते बाळंतपणापेक्षा जास्त दुखलं.

आता तुझी आई. तिला आकडे सांगू नकोस, आकड्यांनी तिचं रडू थांबणार नाही. तिच्या आईची बाळं सातव्या-आठव्या दिवशी गेली, दूध ओढायची थांबली, ताठ झाली. मी डॉक्टर नाही पण हे वर्णन नवजात बाळाच्या धनुर्वाताचं आहे, अगदी पुस्तकात असतं तसं. नाळ विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने कापायची, वर राख-शेण काहीबाही लावायचं, आईला धनुर्वाताची लस नाही, की होत असे. घराघरात होत असे, आणि बायका सटवाईने नेलं म्हणून गप्प बसत. म्हणजे बाळं घरी झाली म्हणून गेली नाहीत, नाळ कापायला स्वच्छ काही नव्हतं म्हणून गेली. भारतातून हा आजार नावापुरता उरलाय, २०१५ मध्ये तसं जाहीरही झालं. तुझ्या आईला हे आजवर कुणी सांगितलंच नसेल गं, ती पन्नास-साठ वर्षं घरालाच घाबरत आलीये.

तर ती आली की मिडवाइफची घरची भेट तिच्यासमोर होऊ दे. मिडवाइफला म्हण, तुमची बॅग आमच्या आईला उघडून दाखवा, त्या दाखवतात, त्यांना आवडतं. तू मराठीत सांगत जा हे काय ते काय. मग त्या रात्रीसाठी आईला काम दे, रिकामी बसली तर देवाजवळ बसून रडेल. गरम पाण्याच्या बाटल्या तिच्याकडे, दर अर्ध्या तासाने पाणी बदलणं, कपडे गरम ठेवणं, मिडवाइफला चहा. नंतर क्रामझोर्खवालीशी तिचं वाजेल थोडं, आई बाळाला तीन थरात गुंडाळणार आणि ही येऊन दोन काढणार, ही बाळाचा ताप मोजणार आणि ती घुटी उगाळणार, मधाचं बोट तेवढं लावू देऊ नकोस, वर्षाच्या आत मध नाही. बाकी डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर क्रामझोर्खवालीलाही दे, आमच्याकडची तर रेसिपी लिहून घेऊन गेली.

आणि क्रामपाकेटचा तो खोका आई यायच्या आधी उघडू नकोस. ती आल्यावर दोघी बसून उघडा, पॅड, कापूस, गॉज सगळं बाहेर काढा, तळाशी पाकिटात सील केलेला नाळेचा चिमटा असेल, बोटाएवढा. तो तिच्या हातात दे आणि हा कशासाठी आहे ते सांग.